यूजेटी बेस्ट? कशासाठी बेस्ट?

जर्नलं तपासली. खरं तर एकच तपासलं असतं तरी चाललं असतं, बाकीच्या त्याच्याच नकला आहेत. कोणीतरी घाईत इंग्रजी ‘यू’ असा काढला की तो ‘व्ही’ वाटावा, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वहीत ‘व्हीजेटी फायरिंग सर्किट’ अवतरलं. असं उपकरण जगात नाही. उतरवून काढताना एकालाही थांबावंसं वाटलं नाही? टर्मवर्क म्हणजे बोटांचा व्यायाम आहे का?

बरं, नाव सोडा. प्रयोग होता एससीआर ट्रिगर करायच्या पद्धतींची तुलना. तुमची तुलना तुम्हालाच वाचून दाखवतो. ‘रेझिस्टन्स फायरिंग : साधं व स्वस्त. आरसी फायरिंग : त्याहून चांगलं. यूजेटी फायरिंग : बेस्ट.’ झाली तुलना! कोणत्या लोडला, कोणत्या एससीआरला, किती अंशांपर्यंत, किती तापल्यावर, याचा पत्ता नाही. ‘बेस्ट’ हा शेरा झाला. तुलना करायची तर आधी गेटला काय हवंय आणि लोडला काय हवंय हे विचारावं लागतं. तुम्ही फक्त शेजारच्याला विचारलंत.

आता रीडिंगकडे या. रेझिस्टन्स सर्किटमध्ये २० किलोओहमला फायरिंग अँगल ३८ अंश. सगळ्या टेबलांवर ३८! अरे, नक्कल करावी, पण निदान अक्कल गहाण ठेवून करू नये. तुमच्या पॅनेलवर बीटी१५१ आहे. त्याची डेटाशीट उघडली असतीत तर पकडले जाल हे तुमचं तुम्हालाच कळलं असतं. गेट ट्रिगर करंटच्या रकान्यात दोन आकडे आहेत. नेहमीचा नग २ मिलिअँपिअरला लागतो आणि कमाल मर्यादा १५ मिलिअँपिअर. म्हणजे एकाच पट्टीतले दोन नग घेतले तर एक २ ला लागेल आणि दुसरा १५ मागेल, आणि कंपनीच्या दृष्टीने दोन्ही चांगलेच. आता करा हिशोब. २० किलोओहममधून २ मिलिअँपिअर जायला ४० व्होल्ट लागतात, १५ जायला ३०० व्होल्ट. २३० व्होल्टच्या मेन्सचं शिखर ३२५ व्होल्ट. लहर ४० व्होल्टला पोचते साधारण ७ अंशांवर, ३०० व्होल्टला पोचते ६७ अंशांवर. तोच पॉट, तेच सर्किट, आणि फरक तब्बल ६० अंशांचा! प्रत्येक टेबलावर वेगळा एससीआर असताना सगळ्यांचा अँगल ३८ आला, यावर मी विश्वास ठेवायचा?

आणि रेझिस्टन्स फायरिंगबद्दल लिहिण्यासारखी गोष्ट होती ती नेमकी हीच. या सर्किटमध्ये फायरिंग अँगल तुम्ही ठरवत नाही, तुमच्या हाती आलेला नग ठरवतो. आणि त्या दिवशीचं ऊनही ठरवतं, कारण एससीआर तापला की त्याची गेटची भूक कमी होते. सकाळी लावलेला अँगल दुपारी जागेवर नसतो. ‘साधं व स्वस्त’च्या पुढे एवढं एक वाक्य असतं तरी मी मुकाट्याने सही केली असती.

काही शूरवीरांनी तर याच सर्किटमध्ये ११० अंशांचं रीडिंग नोंदवलंय. उभे राहू नका, नावं घेत नाही. पण सांगा, ११० अंश आले कुठून? गेटचा करंट आणि अ‍ॅनोडचं व्होल्टेज इथे एकाच पावलाने चालतात. शिखर ९० अंशांवर. शिखरावर पोचूनही करंट पुरला नाही तर उतरताना कसा पुरेल? जो एससीआर ९० पर्यंत लागला नाही तो त्या अर्ध्या सायकलमध्ये लागणारच नाही. म्हणून अर्ध-लहरीत बल्बवरचं सरासरी व्होल्टेज १०३ पासून ५२ पर्यंत खाली येतं, आणि पॉट आणखी एक केस फिरवला की एकदम शून्य. बल्ब मंद होत होत विझत नाही, अर्ध्या वाटेवरून पटकन जातो. हे तुम्ही डोळ्यांनी बघायला हवं होतं. बघितलं असेलही, पण वहीत ११० लिहिताना ते आठवलं नाही.

आरसीकडे वळू. इथे मात्र मला खरंच राग आला, कारण आरसीत समजून घेण्यासारखं जितकं आहे तितकंच तुम्ही गाळलंत. ‘कपॅसिटरमुळे ० ते १८० अंश मिळतात.’ कसे मिळतात? निगेटिव्ह अर्ध्या सायकलमध्ये दुसऱ्या डायोडमधून कपॅसिटर उलटा चार्ज होतो, पार उणे ३२५ व्होल्टपर्यंत. मग तिथून रेझिस्टरमधून हळूहळू वर चढत तो शून्य ओलांडतो आणि व्होल्टभर पुढे गेला की गेट लागतं. हा चढायला लागणारा वेळ म्हणजे तुमचा अँगल. म्हणून तो ९० च्या पलीकडे जातो. एका टेबलावर दुसरा डायोड लावलाच नव्हता आणि दुसऱ्या टेबलावर ५० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर लावला होता. उणे ३२५ व्होल्ट बघणाऱ्या जागी ५० व्होल्टचा! फुटल्यावर ‘कपॅसिटर डिफेक्टिव्ह होता’ म्हणे. तिथे चारशे व्होल्टच्या वरचा पॉलिएस्टर लागतो. आणि गेटच्या वाटेवरचा पहिला डायोड? बीटी१५१ चं गेट उलट दिशेने जेमतेम ५ व्होल्ट सोसतं. कपॅसिटरवर उणे ३२५ आणि गेटची ऐपत ५, या दोघांच्या मध्ये तो एक रुपया-दोन रुपयांचा डायोड उभा आहे. तुमच्यातल्या दोघांच्या आकृतीत तो नाहीच.

आता पुस्तकातला नियम घ्या. पूर्ण पल्ला हवा तर आर आणि सीचा गुणाकार ५० हर्ट्झला निदान १३ मिलिसेकंद ठेवायचा. ०.१ मायक्रोफॅरड घेतला तर रेझिस्टर १३० किलोओहम. तुम्ही घेतलाही तेवढाच, आणि अर्ध्या टेबलांवर एससीआर लागला नाही. तो का लागला नाही यावर एकाही वहीत ओळ नाही. अरे, १३० किलोओहममधून ३२५ व्होल्टच्या शिखरावरसुद्धा जास्तीत जास्त अडीच मिलिअँपिअर जातात. ज्या नगाला १५ लागतात तो उपाशीच राहणार. ‘मग कपॅसिटरमधला चार्ज ओतला जाईल की’ असं कोणीतरी मागे पुटपुटलं. कुठून ओतला जाईल? गेटचं जंक्शन व्होल्टभराच्या वर कपॅसिटरला चढूच देत नाही. साठा होतच नाही, तर ओतणार काय? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून मग १ मायक्रोफॅरड आणि १३ किलोओहम लावू म्हणाल. लावा. १५ मिलिअँपिअरला आता १९५ व्होल्ट पुरतात. पण उतरत्या लहरीवर १९५ व्होल्ट फक्त १४३ अंशांपर्यंत मिळतात. त्यापुढचे ३७ अंश गेले. तक्त्यातले ‘० ते १८०’ हे सी१०६ सारख्या, मायक्रोअँपिअरमध्ये लागणाऱ्या संवेदनशील गेटसाठी जवळपास खरे आहेत. तुमच्या पॅनेलवरच्या आळशी नगासाठी नाहीत. आता सांगा, ‘आरसी चांगलं’ या वाक्याला एससीआरचं नाव घेतल्याशिवाय काही अर्थ उरतो का?

हे एकदा कळलं की यूजेटी का आलं हे पाठ करावं लागत नाही. यूजेटी गेटला थेंब थेंब पाजत नाही. कपॅसिटर १२ ते १६ व्होल्टपर्यंत भरू देतं, तोवर गेटकडे एक थेंब जाऊ देत नाही, आणि पीक पॉइंट आला की सगळा साठा एकदम सोडतं. नगाला २ मिलिअँपिअर लागोत की १५, पल्स दोघांनाही पुरून उरते. गेट तापत नाही, कारण पल्स क्षणाची असते. करंट झटक्यात चढतो, रांगत नाही. मोठ्या एससीआरला हे फार महत्त्वाचं. गेट करंट रेंगाळत चढला तर सुरुवातीला गेटजवळचा छोटा तुकडाच चालू होतो आणि सगळा लोड करंट त्या तुकड्यावर येऊन तो जळतो. हा मुद्दा तुमच्या तक्त्यात ‘शार्प पल्स’ या दोन शब्दांत आहे. शार्प असून काय मिळतं, ते कोण सांगणार?

आणि यूजेटी ‘बेस्ट’ म्हणणाऱ्यांनी स्वतः ते लावलं कसं? ब्रिज रेक्टिफायर, रेझिस्टर, झेनर, आणि झेनरच्या डोक्यावर १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक! विचारलं तर उत्तर : ‘सर, रिपल काढायला.’ तो रिपलच तर हवा होता! प्रत्येक अर्ध्या सायकलच्या शेवटी पुरवठा शून्यावर येतो, त्याबरोबर कपॅसिटर रिकामा होतो आणि पुढची मोजणी शून्यापासून सुरू होते. मेन्सशी ताल जुळतो तो यामुळेच. तुम्ही फिल्टर लावून तो ताल मोडलात. मग यूजेटी आपल्या मर्जीने पल्स टाकत बसलं आणि बल्ब लुकलुकायला लागला. निष्कर्षात लिहिलंय : ‘लाइट फ्लिकर होतो, यूजेटी अनस्टेबल आहे.’ नाचता येईना अंगण वाकडं.

पॉट शून्यावर आणल्यावर ‘यूजेटी बंद पडलं’ हीही तक्रार आहे. बंद नाही पडलं, कायमचं चालू राहिलं. २एन२६४६ चा व्हॅली करंट निदान ४ मिलिअँपिअर. २० व्होल्टच्या झेनरवर साडेचार किलोओहमपेक्षा कमी रेझिस्टर ठेवलात की त्याहून जास्त करंट जात राहतो आणि ते परत सुटत नाही. म्हणून पॉटच्या मागे एक पक्का रेझिस्टर असतो. आकृतीत आहे, ब्रेडबोर्डवर नव्हता. आणि हेही ऐकून ठेवा : २एन२६४६ चा स्टँड-ऑफ रेशो ०.५६ ते ०.७५ मध्ये कुठेही असतो. आर-सी तेच ठेवून नग बदलला तर वेळ ०.८२ आरसीपासून १.३९ आरसीपर्यंत सरकते. म्हणजे नगांचा लहरीपणा संपला नाही, एससीआरकडून यूजेटीकडे गेला. एका बल्बसाठी पॉट फिरवून भागतं. सहा एससीआरच्या थ्री-फेज ब्रिजला सहा वेगवेगळे यूजेटी लावून सारखे अँगल मिळवायला जाल तर जन्म जाईल. म्हणून तिथे रॅम्प-कंपॅरेटर, नाहीतर मायक्रोकंट्रोलर. यूजेटी आज परीक्षेच्या पेपरात जिवंत आहे, नव्या डिझाइनमध्ये त्याला कोणी विचारत नाही. ‘बेस्ट’!

प्रयोगाच्या शेवटच्या भागात बल्ब काढून चोक लावायचा होता. एससीआर लागेना. स्टोअरमधून नवा आणला, तोही लागेना. तिसरा आणला. मग लिहिलं : ‘एससीआर फॉल्टी.’ तिन्ही नग मी स्वतः तपासले, तिन्ही ठणठणीत आहेत. बल्बमध्ये करंट क्षणात उभा राहतो, चोकमध्ये तो चढत जातो. चोक अर्ध्या हेन्रीचा आणि फायरिंगच्या क्षणी व्होल्टेज २०० असेल, तर करंट सेकंदाला ४०० अँपिअरच्या वेगाने वाढतो. बीटी१५१ चा लॅचिंग करंट ४० मिलिअँपिअरपर्यंत असू शकतो. तिथे पोचायला १०० मायक्रोसेकंद लागतात. तुमची पल्स ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमची, म्हणजे १० मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटची. ती ओसरायला लागते तेव्हा चोकमध्ये जेमतेम ४ मिलिअँपिअर झालेले असतात. गेट सुटलं, एससीआर परत बंद. बंद पडलेल्या गाडीला एक धक्का मारून हात झटकले तर ती सुरू होते का? इंजिन पेट घेईपर्यंत ढकलावी लागते.

मग काय करायचं? पल्स रुंद करायची. पण सलग रुंद केली तर गेट तापतं आणि पल्स ट्रान्सफॉर्मरचा फेराइट कोअर सॅच्युरेट होतो. म्हणून रुंद पल्सचे बारीक तुकडे करायचे, ५५५ चा काही किलोहर्ट्झचा ऑसिलेटर आणि एक अ‍ॅण्ड गेट लावून पल्सची माळ पाठवायची. किंवा चोकला समांतर असा एक रेझिस्टर द्यायचा की जो फायर होताक्षणीच लॅचिंगपुरता करंट ओढेल. तो तापतो, पण काम भागतं. लोड बदलला की बेस्ट बदललं. तुमच्या तक्त्यात लोडचा रकानाच नाही.

आता त्या रकान्याकडे, जिथे तुम्ही ‘डीव्ही बाय डीटी ट्रिगरिंग’समोर फायदा लिहिलाय, ‘गेट सर्किटची गरज नाही.’ वा! म्हणजे दाराला कुलूप नसणं हा घराचा फायदा झाला. अ‍ॅनोडचं व्होल्टेज झपाट्याने चढलं की मधल्या जंक्शनच्या कपॅसिटन्समधून करंट वाहतो आणि गेटला न विचारता एससीआर लागतो. ही पद्धत नाही, हा बिघाड आहे. तापमानाने लागणं आणि ब्रेकओव्हर व्होल्टेजने लागणं, हेही त्याच माळेचे मणी. पुस्तकात ते ‘पद्धती’ म्हणून छापतात ते तुम्ही टाळायला शिकावं म्हणून. स्नबर कशासाठी असतो, गेट आणि कॅथोडमध्ये १०० ओहम का टाकतात, हे तिथे लिहायचं होतं.

प्रकाशाने ट्रिगर करणं मात्र खरी पद्धत आहे, आणि तिच्यासमोर तुम्ही एकाच शब्दात निकाल लावलाय : ‘महाग.’ चंद्रपूरहून पडघ्याला ५०० किलोव्होल्टची एचव्हीडीसी लाइन येते, साडेसातशे किलोमीटरची, १५०० मेगावॉटची, १९९९ पासून. अशा केंद्रात थायरिस्टर एकावर एक रचलेले असतात, कित्येकांचं कॅथोड जमिनीपासून लाखो व्होल्ट वर. तिथे तांब्याची तार घेऊन गेटपाशी कोण जाणार? इशारा ऑप्टिकल फायबरमधून जातो. काही ठिकाणी तो प्रकाश प्रत्येक थायरिस्टरजवळच्या छोट्या सर्किटला जागं करतो आणि ते सर्किट गेटला पल्स देतं, काही ठिकाणी प्रकाश थेट थायरिस्टरच्या चकतीवर पडतो. आणि सगळे एकाच वेळी लागावे लागतात, कारण रांगेत जो मागे राहिला त्याच्यावर सगळ्यांचं व्होल्टेज येऊन पडतं. तुमच्या रेझिस्टन्स सर्किटमध्ये दोन नगांत ६० अंशांचा फरक पडत होता, म्हणजे ३.३ मिलिसेकंदांचा. तिथे तो पडला तर काय होईल, याचा विचार करा. मग ‘महाग’ म्हणा.

फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांनीही कान इकडे द्या. लॅमिंग्टन रोडवर एमओसी३०२१ मिळाला नाही म्हणून एमओसी३०४१ उचलून आणलात. ‘सर, दोन्ही ऑप्टोच आहेत.’ ३०४१ मध्ये झिरो-क्रॉसिंग सर्किट आहे. व्होल्टेज शून्याजवळ नसेल तर तो लागतच नाही. मायक्रोकंट्रोलरमध्ये ५ मिलिसेकंदांचा डिले टाका नाहीतर ७ चा, ९० अंशांवर तो तुमचं ऐकणार नाही. तो हीटर चालू-बंद करायला उत्तम, डिमरला निरुपयोगी. एका आकड्याचा फरक, पण प्रोजेक्ट बसला.

इथवर जे सांगितलं ते मार्कांचं. ते कापले आहेत, तक्रार घेऊन येऊ नका. यापुढचं मार्कांचं नाही.

वेव्हफॉर्म बघायला एकाने सीआरओच्या प्रोबची ग्राउंड क्लिप सरळ कॅथोडला लावली, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर न लावता. ती क्लिप सीआरओच्या बॉडीतून अर्थला जोडलेली असते. मेन्सचा शॉर्ट झाला, क्लिप वितळली, ब्रेकर पडला. इतकं होऊनही मी समजून घेतलं असतं. पण मग दुसऱ्याने शहाणपणा केला. सीआरओच्या प्लगची अर्थ पिन काढली आणि परत जोडणी केली. ब्रेकर पडला नाही, वेव्हफॉर्मही सुरेख आली. फक्त सीआरओची सगळी धातूची बॉडी २३० व्होल्टवर होती आणि शेजारी तिघं त्याच्यावर कोपर टेकून उभे होते! मी तेव्हा ओरडलो त्याचा काहींना राग आला असं कळलं. येऊ द्या. प्रयोग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून करायचा, दोन प्रोबने फरक मोजायचा नाहीतर डिफरन्शिअल प्रोब वापरायचा. अर्थ पिनला हात लावलेला दिसला तर टर्म ग्रँट होणार नाही. पालकांना घेऊन आलात तरी नाही.

सोमवारी येताना प्रत्येकाने आपापल्या टेबलावरच्या एससीआरची डेटाशीट वाचून यायचं. गेट करंट, लॅचिंग करंट, उलटं गेट व्होल्टेज आणि डीव्ही बाय डीटी, हे चार आकडे मी दारातच विचारणार आहे. ज्याला सांगता येणार नाहीत त्याने डिमरस्टॅटला हात लावायचा नाही.